मोहाडीचा युद्धोत्तर काळ : एका निवाड्याचे वाङ्मयीन वाचन

‘युद्धोत्तर मराठी साहित्य’ ही संज्ञा पदव्युत्तर वर्गात उच्चारली गेली की तिच्यामागोमाग येणारी नावे ठरलेली असतात. १९४५ हे सीमावर्ष. १९४७ साली प्रसिद्ध झालेला मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा. आणि या साऱ्यांच्या पाठीशी महायुद्धातील संहार, यंत्रयुग, महानगरातील गर्दी व त्या गर्दीतील माणसाचे एकाकीपण. उत्तरपत्रिका रत्नागिरीहून आलेली असो की भंडाऱ्याहून, हा क्रम बदलत नाही. या मांडणीत असत्य काही नाही. परंतु ‘युद्धोत्तर’ हे विशेषण तिच्यात काळाचे म्हणून वापरले जाते आणि वस्तुतः ते एका स्थळाचे असते, ही गोष्ट सहसा उघड केली जात नाही. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय जाणिवेत युद्धानंतर जो पालट झाला, त्यालाच साऱ्या मराठी साहित्याचा कालखंड असे नाव मिळाले. ज्या प्रदेशात तो पालट त्या रीतीने झाला नाही तेथे त्याच वर्षांत काय घडत होते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाने कधी विचारलाच नाही असे नव्हे. पण विचारला तो ‘प्रादेशिक’ या सदराखाली, मुख्य प्रकरण संपल्यावर.

मोहाडी हे या प्रश्नासाठी सोयीचे उदाहरण नव्हे, अडचणीचे आहे. आणि म्हणूनच ते घ्यावयाचे. भंडारा-तुमसर मार्गावरील हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. ज्या वर्षांचा येथे विचार करावयाचा आहे त्या वर्षांत ते भंडारा तहसिलीत होते. भाताची शेती, तलाव, कोष्ट्यांचे माग, चौंडेश्वरीचे देऊळ आणि झाडीबोली ही त्याची ओळख. लगतचे आंधळगाव हातमागावरच्या रेशीमकाठी लुगड्यांसाठी नावाजलेले. नवकाव्याच्या वा नवकथेच्या इतिहासात या परिसराचे नाव येत नाही. राज्याच्या इतिहासात मात्र त्याची नावे भराभर बदलली. १९४५ मध्ये मोहाडी मध्यप्रांत व वऱ्हाडात होती, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. मधल्या काळात २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार होऊन गेला आणि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. गावातला कोणी शेतकरी पंधरा वर्षे आपल्या बांधावरून हलला नसता तरी तो चार राज्यांचा रहिवासी ठरला असता.

युद्ध या भागात जाणीव म्हणून आले नाही. ते सुताच्या टंचाईच्या रूपाने आले. हातमागाचा विणकर गिरणीच्या सुतावर अवलंबून असतो, आणि १९४३ साली कापड व सूत यांवर नियंत्रण आले तेव्हा त्याचा माग बाजारभावापेक्षा सरकारी वाटपावर चालू लागला. युद्ध थांबले तरी हे अवलंबन थांबले नाही. वाङ्मयेतिहासात यंत्रयुगाचा उल्लेख येतो तो यंत्रावर काम करणाऱ्या किंवा यंत्राच्या गोंगाटात राहणाऱ्या माणसाच्या संदर्भात. यंत्राने ज्याला गिऱ्हाइकावाचून ठेवले आणि तरी ज्याला त्याच यंत्राकडून सूत घ्यावे लागले, त्या माणसाचे यंत्रयुग निराळे असते. त्याच्या अनुभवाला परात्मता हा शब्द लावता येईल. पण तो शब्द त्याच्यासाठी घडविलेला नव्हता, हे लावणाऱ्याने विसरू नये.

दुसरा मोठा बदल जमिनीचा. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ पासून गावाचा मालक हा प्रकार कायद्यापुरता संपला. तलाव सरकारजमा झाले. भाषेने या घटनेची नोंद मोठ्या नेमकेपणाने केली आहे: ते तलाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जातात आणि बोलण्यात त्यांचे ‘मामा तलाव’ झाले आहेत. मालक गेला, पण पाण्याचे नाव त्याच्याच नावाने चालू राहिले. या विषयावर अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे.

खरा विषय त्याच वर्षांतील एका निवडणुकीचा आणि तिच्यावरील निवाड्याचा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. त्यांच्या निवडणुकीला मोरेश्वर पराशराम यांनी आव्हान दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेला निवाडा बाहेर आला. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. हा प्रदेश त्यांना कागदावरूनच माहीत होता असे नव्हे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निवाडा पाठ असतो. मराठीच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात तो येत नाही, आणि ही उणीव लहान नाही.

निवाड्यात दोन प्रश्न होते. पहिला प्रश्न विड्यांचा. जसानी ज्या मूलजी सिक्का कंपनीचे भागीदार होते तिने सरकारी कॅन्टीन भांडारांना विड्या पुरविण्याचे करार केले होते. सरकारशी असा करार असलेला मनुष्य निवडणुकीस अपात्र ठरतो, म्हणून ते अपात्र ठरले. तेंदूपत्ता वेचणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या हातांचा जिल्हा सैनिकांच्या चैनीशी कसा जोडलेला होता, हे या करारांतून दिसते. युद्धाने उभी केलेली पुरवठ्याची व्यवस्था शांततेच्या काळातही चालू होती आणि तिनेच या जिल्ह्याचा पहिला लोकप्रतिनिधी घरी पाठविला. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर अभ्यासकांनी योगायोगाचा अतिरेक म्हणून त्याला दोष दिला असता.

दुसरा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याचा आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा उमेदवारी अर्ज भरला गेला होता आणि तो फेटाळला गेला. कारण असे देण्यात आले की ठवरे हे महानुभाव पंथाचे अनुयायी आहेत. ज्याने महानुभाव पंथ स्वीकारला तो महार राहिला नाही. आणि जो महार नाही तो राखीव जागेस पात्र नाही. म्हणजे चक्रधरांच्या पंथाचा उपदेश घेतल्याने जात जाते की राहते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, मतदारसंघ भंडारा, असा उभा राहिला. न्यायालयाने पंथाचा इतिहास पाहिला, त्याचे आचार पाहिले, संन्यास घेणारे आणि प्रपंचात राहून पंथ मानणारे असा भेद लक्षात घेतला, आणि तीन कसोट्या लावल्या. जुन्या समाजाची प्रतिक्रिया काय; त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय; आणि नव्या व्यवस्थेचे नियम काय. ठवरे यांना महार समाजाने बाहेर काढले नव्हते, त्यांचे विवाहसंबंध त्याच समाजात झाले होते, ते स्वतःला महार म्हणवीत होते आणि पंथानेही त्यांना जात टाकण्याची सक्ती केली नव्हती. सबब ते महारच राहिले, त्यांचा अर्ज फेटाळणे चूक होते, असा निर्णय झाला.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समंजस आहे. सामाजिक वास्तव पाहून दिलेला आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने तो अस्वस्थ करणारा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात महानुभाव पंथ येतो तो तेराव्या-चौदाव्या शतकाचा विषय म्हणून. ‘लीळाचरित्रा’तील गद्य, सूत्रपाठाची भाषा, सांकेतिक लिपी, आणि चक्रधरांनी चातुर्वर्ण्य व स्त्री-शूद्रांवरील निर्बंध नाकारले याबद्दलचे एक गौरवपर वाक्य. नीळभट्ट भांडारेकार हे नाव ‘लीळाचरित्रा’च्या अभ्यासकाला परिचित आहे आणि त्या नावातच भंडारा आहे. त्या पहिल्या उपदेशाला सात शतके लोटल्यावर त्याच भंडाऱ्याच्या एका अनुयायाविषयी न्यायालय सांगते की पंथस्वीकाराने विचार बदलला, सामाजिक स्थान बदलले नाही. हा चक्रधरांच्या शिकवणीचा पराभव म्हणावा, की तिने प्रपंचात राहणाऱ्या अनुयायांशी केलेल्या जुन्या तडजोडीचे हे उशिरा आलेले प्रमाणपत्र म्हणावे? याचे उत्तर पंथाच्या वाङ्मयाचा जाणकारच देऊ शकेल. वकिलाचे ते काम नव्हे. आणि यातली विसंगती दृष्टीआड करता येत नाही. समतेसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभे राहता यावे म्हणून समता सांगणाऱ्या पंथाने आपल्याला समान केले नाही, हे सिद्ध करावे लागले.

नागपूर हे त्या काळी महानुभाव संशोधनाचे मोठे केंद्र होते. हरि नारायण नेने, वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांवाचून या वाङ्मयाचा आजचा अभ्यास शक्य नव्हता, आणि कोलत्यांचे सामाजिक भान कोणत्याही संशयापलीकडचे आहे. तरीही पाठनिश्चितीच्या शिस्तीत एक दिशा आपोआप ठरते: पोथी जितकी जुनी तितकी तिची किंमत अधिक. जिवंत अनुयायी त्या शिस्तीत बसत नाही. तो मध्ये येतो तो आक्षेप घेणारा म्हणूनच. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध होऊन पंथीयांच्या आक्षेपांमुळे वादात सापडले तेव्हा अभ्यासकांचे पंथाकडे लक्ष गेले, पण ते विद्वत्तेच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नासाठी. पंथाचे अनुयायी कोण आहेत, कोणत्या जातींतले आहेत, पंथ त्यांना काय देतो, हे प्रश्न त्याच्या चोवीस वर्षे आधी एका निवाड्यात विचारले जाऊन गेले होते.

निवडणूक रद्द झाल्यावर भंडाऱ्याच्या दोन्ही जागांसाठी मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. ठवरे यांच्या अर्जावरून ज्या राखीव जागेचा वाद झाला होता, तिच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. आंबेडकरांनी खालावलेल्या प्रकृतीनिशी एप्रिलमध्ये या जिल्ह्यात प्रचार केला. मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले.

या मतदानाची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असत आणि ती दोन निरनिराळ्या उमेदवारांनाच देता येत. मतपत्रिकेवर काही लिहावयाचे वा खूण करावयाची नव्हती; प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि पत्रिका तीत टाकावयाची. निरक्षर समाजासाठी शोधलेली ही एक प्रकारची लिपी होती. या लिपीत प्रत्येक सवर्ण मतदाराला एक वाक्य पुरे करावयाचे होते: पहिले मत मेहतांना दिल्यावर दुसरे कोणाला? युती होती ती मेहतांच्या पक्षाची आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची. निकाल असे सांगतो की मेहतांना ज्यांनी मत दिले त्यांच्यापैकी अनेकांनी ते वाक्य आंबेडकरांच्या नावाने पुरे केले नाही. आपल्या अनुयायांनी दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे ते प्रतिस्पर्ध्याच्या कामी येणार नाही, असा सल्ला आंबेडकरांना देण्यात आला होता आणि संविधानाच्या शिल्पकाराला असे सांगणे शोभणार नाही म्हणून त्यांनी तो नाकारला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, निकालाचा अर्थ चळवळीने कसा लावला याचा ती पुरावा आहे. भंडाऱ्याने आंबेडकरांना हरविले याची लाज जिल्ह्यात पुढे अनेकांनी बोलून दाखविली. लाजेपेक्षा त्या दुसऱ्या मताचा अभ्यास अधिक उपयोगी पडला असता. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले आणि तो आरसाच काढून ठेवला गेला.

याच वर्षी, १९५४ मध्ये, शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ प्रसिद्ध झाली. राजकारण आणि व्यक्तिमनाची घडण यांचा एकत्र विचार करू पाहणारी कादंबरी म्हणून तिचे स्थान वादातीत आहे, आणि मुक्तिबोधांचा आयुष्याचा पुढचा काळ नागपुरात गेला. भंडाऱ्याचे मतदान आणि ‘क्षिप्रा’ यांचा परस्परांशी कार्यकारण संबंध लावण्याचे कारण नाही. पण एकाच वर्षाच्या या दोन घटना एका तक्त्यात कधी मांडल्या जात नाहीत, हे वाङ्मयेतिहासाच्या तक्त्याविषयी काही सांगते.

पुढचे वळण सर्वांना ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि अठरा दिवसांनी राज्य बदलले. मोहाडी परिसरातील बौद्ध झालेल्या कुटुंबाला तीन आठवड्यांच्या आत नवा धर्म आणि नवे राज्य मिळाले. आता १९५४ च्या तीन कसोट्या या घटनेला लावून पाहाव्यात. व्यक्तीचा हेतू जाहीर आणि निःसंदिग्ध होता. बावीस प्रतिज्ञांनी संदिग्धतेला जागाच ठेवली नव्हती. नव्या व्यवस्थेचे नियम जात मानत नव्हते. महानुभाव अनुयायाला जी पळवाट मिळाली ती येथे नव्हती, आणि ती असू नये अशीच बाबासाहेबांची योजना होती. परिणाम असा झाला की कायद्याने त्या माणसाला ‘अनुसूचित’ मानणे बंद केले. १९६४ साली डॉ. डी. पी. मेश्राम यांच्या नागपूरच्या विधानसभा निवडणुकीसंबंधीच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: बौद्ध धर्माचा जाहीर स्वीकार केलेला मनुष्य राखीव जागेस पात्र नाही. बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश होण्यास १९९० उजाडावे लागले. दहा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन निवाडे शेजारी ठेवले की एक क्रूर गणित दिसते. ज्याने जात पुरती सोडली नाही तो पात्र. ज्याने पुरती सोडली तो अपात्र. दलित साहित्यातील ‘नाव’, ‘ओळख’, ‘नकार’ या शब्दांचा अन्वयार्थ लावताना समीक्षा अस्तित्ववादापर्यंत जाऊन आली आहे. तिला इतके दूर जावे लागले नसते.

तिसरी कसोटी उरते: जुन्या समाजाची प्रतिक्रिया. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, गावातल्याच लोकांनी हत्या केली. धर्मांतराला पन्नास वर्षे होण्यास त्या दिवशी पंधरवडा उरला होता. बौद्ध झाल्याने जात गेली, असे त्या कुटुंबाने मानले असेल; गावाने मानले नाही. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू केली नाहीत; उच्च न्यायालयातही तो निष्कर्ष बदलला नाही. म्हणजे जुन्या समाजाची प्रतिक्रिया ज्या दिवशी सर्वाधिक उघड झाली, त्या दिवसाच्या निवाड्यात तिला जातीची प्रतिक्रिया हे नाव मिळाले नाही. खैरलांजीवर कविता झाल्या, लेख झाले, आनंद तेलतुंबडे यांचे पुस्तक झाले. त्यांतील कळकळ खरी आहे. परंतु घटना आकाशातून कोसळल्यासारखी वर्णिली गेली की मोहाडी हे केवळ अपघातस्थळ उरते. १९५४ चा निवाडा ज्या मतदारसंघात घडला त्याच जिल्ह्याचा हा तालुका आहे, आणि न्यायालयाने तेव्हा विचारलेला पहिलाच प्रश्न ‘जुना समाज काय म्हणतो’ हा होता.

नावाचा हा वाद एका समाजापुरता नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातील विणकरांत हलबा-कोष्टी म्हणविणारे पुष्कळ आहेत. हलबा ही अनुसूचित जमात, कोष्टी हा व्यवसायाने ओळखला जाणारा समाज, आणि आपण मुळात कोण याविषयीचे त्यांचे भांडण दीर्घकाळ चालले. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत, असा निर्णय दिला. चौंडेश्वरी ही विणकरांच्या काही शाखांची कुलदेवता; पण देवता कोणती हा पुरावा येथे पुरेसा नव्हता, यादीतील शब्द महत्त्वाचा होता. मागावरचे काम कमी होत गेले तसतसे दाखल्यावरच्या शब्दाचे मोल वाढत गेले, हा क्रम मात्र नीट समजून घेतला पाहिजे. सुताच्या टंचाईपासून दाखल्याच्या भांडणापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच मोहाडी-आंधळगावच्या विणकराचा युद्धोत्तर काळ होय.

या सर्व सामग्रीचे विद्यापीठीय मराठीत काय होते? ती वाटली जाते. महानुभाव पंथ प्राचीन वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेत जातो. दंडार आणि खडी गंमत लोकसाहित्याच्या. झाडीबोली भाषाविज्ञानाच्या, तीही वैकल्पिक असेल तर. धर्मांतर दलित साहित्याच्या. ‘युद्धोत्तर’ या शीर्षकाच्या प्रश्नपत्रिकेत मोहाडीचे काहीच उरत नाही, कारण तिच्या वाट्याचे सर्व काही आधीच अन्यत्र दिलेले असते. एकच माणूस झाडीबोली बोलतो, दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार पाहतो, घरात महानुभाव पंथ पाळणारा आजा असतो आणि १९५६ नंतर स्वतः बौद्ध असतो. विद्यापीठाने त्याचे चार तुकडे करून चार अध्यापकांना दिले आहेत. दंडारीचेच उदाहरण घ्यावे. लोकसाहित्य या सदरात टाकली की ती कालातीत होते. तिच्या उगमाची चर्चा होते, तिच्या तारखेची होत नाही. खडी गंमतीत तात्कालिक विषयांवर बोलण्याची मोकळीक असते, हे तिच्यावर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक नमूद करतो. मग १९५४ च्या उन्हाळ्यानंतरच्या मंडईत या मंडळींनी दोन मतांविषयी काय म्हटले असेल, हा प्रश्न लोकसाहित्याच्या चौकटीत उद्भवतच नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीची व दंडारीची जी बाजू मांडली, झाडीबोली साहित्य मंडळाच्या द्वारे लेखनाला जे व्यासपीठ मिळवून दिले, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु बोलीचा अभिमान ही अभ्यासाची सुरुवात असते. बोलीत कोण कोणाला काय म्हणत होते, हा पुढचा भाग अजून बव्हंशी मोकळा आहे. बोलीला एकसंध ‘झाडीची माती’ मानण्याचा मोह टाळला नाही तर मातीतल्या भिंती दिसत नाहीत.

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल. निवाडा हे साहित्य नव्हे, मतपेटी हे साहित्य नव्हे. वाङ्मयेतिहासाने वाङ्मयाचा इतिहास सांगावा. आक्षेप तत्त्वतः मान्य करण्यासारखा आहे, पण तो सर्वांना सारखा लावला पाहिजे. हिरोशिमाही साहित्य नव्हे. मुंबईच्या लोकलगाड्या, रेशनिंग, फाळणी यांपैकी काहीच साहित्य नव्हे. आणि तरी नवकाव्याचे विवेचन त्यांच्यावाचून पुरे होत नाही. हिरोशिमा मर्ढेकरांच्या कवितेचा संदर्भ होऊ शकते तर भंडाऱ्याची राखीव जागा विदर्भातील लेखनाचा संदर्भ का होऊ नये? ज्या घटनेचे अंतर हजारो मैलांचे ती ‘जागतिक’ आणि ज्या घटनेचे अंतर साठ किलोमीटर ती ‘स्थानिक’, हा भेद साहित्याने केलेला नाही. तो अभ्यासक्रमाने केला आहे. आणि १९५४ च्या निवाड्याच्या बाबतीत तर आक्षेप तितकाही टिकत नाही, कारण त्याचा गाभाच मराठीच्या आद्य गद्यपरंपरेने घडविलेल्या एका पंथाचा अर्थ लावणे हा आहे. न्यायालयाने ते काम केले. मराठी विभागांनी त्याचा पडताळा घेतलेला नाही.

असा पडताळा घेणे अवघड नाही. निवाडे छापील आणि कोणालाही मिळण्याजोगे आहेत. पंथाच्या आचारग्रंथांत जातिसंबंधी काय सांगितले आहे आणि न्यायालयाने त्यातले काय गृहीत धरले, हे शेजारी ठेवून पाहणे हा एम. फिल. च्या आकाराचा विषय होता. आता ती पदवी राहिली नाही, तरी विषय आहे. मतदारांच्या आठवणींचे काम मात्र ग्रंथालयात बसून होणारे नाही. १९५४ मध्ये मतदानाचे वय एकवीस होते. त्या मे महिन्यात मोहाडीत दोन पत्रिका हाती घेऊन पेट्यांपुढे उभा राहिलेला सर्वांत तरुण मतदार आज हयात असलाच तर त्याने नव्वदी ओलांडलेली आहे, आणि दुसरी पत्रिका कोणत्या पेटीत टाकली हे त्याला कोणी विचारले असेल तर तो विचारणारा मराठी विभागातून गेलेला नव्हता.